झाकणाच्या आतला अंगारा

"ताई, आकडा वर गेलाय," फोनवर प्रबोध म्हणाला.

मी लिटिल इंडियात फुलांच्या दुकानापाशी उभी होते. दुसऱ्या दिवशी गुरुवार, दत्ताला हार हवा होता, आणि दुकानातल्या अक्का तो केळीच्या पानात बांधतच होत्या. मी म्हटलं, वर कसा जाईल, खाली यायला हवा. तो म्हणाला, तेच तर. पडद्याबाहेर नेहमीचा सत्तर, आणि पडद्याच्या आत एका बाटलीत चारशे दहा, दुसरीत एकशे ऐंशी, उरलेल्या दोन्हींत नव्वदच्या पुढे. मग त्याने चारही आकडे पुन्हा एकदा वाचून दाखवले. प्रबोध एकच गोष्ट दोनदा सांगायला लागला की समजावं, खरंच काहीतरी बिघडलंय.

पडद्याचं आधी सांगते. शहराच्या उत्तरेला एक जलाशय आहे. पावसाच्या पाण्याबरोबर बागांचं खत, कुजलेली पानं असं सगळं वाहून त्यात येतं आणि पाण्यात फॉस्फरस साठत राहतो. त्यावर हिरवं शेवाळ माजतं. वन-नॉर्थ भागातल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत प्रबोध चार वर्षं एका मातीवर काम करत होता. माती तशी साधीच, पण तिच्या पदरांत लँथॅनम नावाचा धातू बसवलेला. ती पाण्यात कालवून सोडली की खाली जाता जाता फॉस्फरसला धरते, तळाच्या गाळावर पातळ पांघरुणासारखी बसते आणि धरलेलं सोडत नाही. जलाशयाच्या एका कोपऱ्यात तळापर्यंत पडदे सोडून आमच्या हॉलएवढं पाणी वेगळं केलं होतं, आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यात ही माती सोडली होती. आता गुरुवारी दुपारी तीन वाजता पाण्याच्या खात्याचे लोक येणार, फॉस्फरसचे आकडे बघणार आणि सगळ्या जलाशयात माती टाकायची की प्रयोग इथंच थांबवायचा ते ठरवणार. प्रयोग थांबला तर प्रबोधचं काम संपणार होतं, आणि त्या कामावर मिळालेला इथं राहायचा पासही.

अक्कांनी पुडा हातात दिला. मी पैसे दिले की नाही तेही आठवेना. त्यांनीच मागून हाक मारली.

मी त्या प्रयोगशाळेत मदतनीस. कोल्हापूरला रसायनात एम.एस्सी. केलं, मग लग्न झालं, चारुदत्तच्या नोकरीसाठी देश सोडून इथं आलो आणि चैत्राली झाली. पंधरा वर्षं घरात गेली. एक्केचाळीसाव्या वर्षी अर्ज केला तेव्हा अनुभवाच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. तरी आमच्या प्रमुख डॉ. टेओ यांनी घेतलं. काम काय, तर बाटल्या धुवायच्या, नमुने आणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, फॉस्फरस सगळीकडे असतो, साबणात, घामात, बोटांवर. म्हणून साबण वेगळा, मग आम्लात रात्रभर बुडवायचं, मग शुद्ध पाण्याने तीनदा विसळून पालथ्या ठेवायच्या, आणि नंतर कुणी उघड्या हाताने शिवायचं नाही. मला हे नवीन वाटलंच नाही. मिरजेला आई सोवळ्यात नैवेद्य करायची तेव्हा आम्हा भावंडांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागायचं. प्रबोध याला ताईंचं सोवळं म्हणतो. पाच वर्षांत माझ्या एकाही बाटलीत डाग निघाला नव्हता. म्हणूनच त्या संध्याकाळी एमआरटीच्या गाडीत बसल्या बसल्या मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, माझ्या बाटल्या स्वच्छ होत्या.

आणि पाणी तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही होडीतून गेलो होतो. होडी चालवणारे हाफिझ, प्रबोध आणि मी. दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की किती खोल गेली ते मोजायचं, अशी पद्धत आहे. पडद्याबाहेर ती साठ सेंटिमीटरवर हिरव्यात बुडून गेली. मग पडद्याच्या आत सोडली. साठ झाले, थाळी दिसत होती. मीटर झाला, दिसत होती. दीड मीटरला हाफिझनी इंजिनावरचा हात काढला आणि ते काठावरून वाकून बघू लागले. पावणेदोन मीटरला पांढरा ठिपका गेला. प्रबोधने दोरी वर ओढली आणि पुन्हा सोडली, जणू पहिल्यांदा आमचे डोळे फसले असतील. पुन्हा तेच. एवढंसं पाणी, पण त्यात एक मासा सावलीसकट दिसला.  मी मनात दत्ताचं नाव घेतलं आणि बाटल्या भरायला बसले.

घरी आल्यावर हे सगळं सांगितलं. आम्ही सेरंगूनला राहतो, मॉलच्या मागच्या इमारतीत. चारुदत्त म्हणाला, पाणी स्वच्छ दिसलं तर मग आकडा चुकला, उद्या आकडा बाजूला ठेवा. मी त्याला समजावलं की तसं करता येत नाही. आपल्याला आवडला नाही म्हणून आकडा काढून टाकायचा नसतो. तो का चुकला ते दाखवता आलं तरच त्यावर रेघ मारता येते. नाही तर तो खरा. डॉ. टेओंचा हा नियम म्हणजे दगडावरची रेघ.

"आई, जस्ट से कंटॅमिनेशन लाह," चैत्राली नूडल्स खाता खाता इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली. "कोण विचारणार?"

"डॉ. टेओ विचारतील."

"मग सांग समथिंग. बर्ड पू."

चारुदत्त हसला. मीही हसले, पण पक्ष्याची विष्ठा पडली असती तर एका बाटलीत पडली असती. चारही बाटल्यांत, आणि प्रत्येकीत वेगळी, कशी पडेल? चारही बाटल्या एकाच पाण्यात, हातभर अंतरावर भरलेल्या. चारशे दहा आणि एकशे ऐंशी. पाणी असं वागत नाही.

गुरुवारी पाचला उठले. माझा रोजचा नेम आहे. स्नान, देवाला दिवा, एकशे आठ नामं, मग घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अंगारा. गुरुवारी त्यात उपासाची भर. अंगारा एका लहान चांदीच्या डबीत असतो; पूजा झाली की ती डबी माझ्या पर्समध्ये जाते. तो देवळातला नाही, आईच्या हातचा आहे. ती चाळीस वर्षं रोज संध्याकाळी गोवरीच्या निखाऱ्यावर धूप घालायची आणि त्याची राख वस्त्रगाळ करून ठेवायची. मी इथं यायला निघाले तेव्हा तिने डबी भरून दिली, आणि मग दर वर्षी माहेरी गेले की पुन्हा भरायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून मी चिमटीऐवजी बोटाचं टोक टेकवते. पुरवून वापरत होते.

त्या दिवशीही बोट टेकवलं, कपाळाला लावलं आणि हात झटकला. नेम होईस्तोवर सात वाजले होते आणि खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. त्या उन्हात बोटावरून उडालेले कण तरंगताना दिसले. हळूहळू खाली आले आणि निरांजनाच्या तुपात बसले.

मी त्या तुपाकडे बघत राहिले.

मंगळवार महत्त्वाचा दिवस होता. आपण नवीन गाडीला, परीक्षेच्या पेनला, परदेशी निघालेल्या बॅगेला अंगारा लावतो, तसा मी नमुन्यांच्या पेटीला लावला होता. नमुन्यांच्या पेट्या दोन असतात. पडद्याबाहेरच्या पाण्याची एक, आतल्या पाण्याची एक. आतल्या पाण्यासाठी मी तीन आठवडे प्रार्थना करत होते, म्हणून आतल्या पेटीलाच. आणि कुणी बघेल, काहीतरी विचारेल, म्हणून झाकणाच्या बाहेरून नाही, आतून. बोटाचं टोक नाही, चांगली चिमूटभर. मग हात धुतले, हातमोजे घातले, सगळं रीतीप्रमाणे. होडीत मी ती पेटी उघडून झाकण उभं टेकवलं होतं आणि त्याच्याच खाली बाटल्यांची तोंडं उघडली होती. होडी डुलत होती.

शेणाच्या गोवरीची राख. गावाकडे ती परसातल्या वेलांना घालतात, ती काय उगीच? तिच्यात फॉस्फरसच तर असतो.

दिवा तसाच ठेवून मी बाहेर आले. चारुदत्तला सांगितलं. त्याने चहाचा कप फिरवला. मग म्हणाला, "पेटी नीट पुसली नव्हती म्हण. ते खोटंही नाही."

"पेटीला काय लागलं होतं, ते विचारतील."

"निशी, तुला काढतील."

मी म्हटलं, काढतील कदाचित. मी चपला घालत होते तेव्हा देवघरात राहिलेली डबी आणून त्यानेच माझ्या पर्समध्ये ठेवली.

वन-नॉर्थला पोचले तेव्हा साडेआठ झाले होते. प्रबोध प्रयोगशाळेत एकटाच होता, कालच्याच शर्टात. मी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो पळतच नमुन्यांच्या पेट्यांकडे गेला. मंगळवारची पेटी अजून धुतलेली नव्हती. त्याने झाकण उघडून विजेरी धरली. आतल्या बाजूला, बिजागरीच्या खाली, माझ्या बोटाचा करडा ठसा होता. त्याचा खालचा अर्धा भाग गळून गेला होता.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही मला रोज विचारायचात, अंगारा लावू का. आणि मी म्हणायचो, मला नको, मी सायंटिस्ट आहे."

"हो रे."

"मला लावला असतात तर बरं झालं असतं."

त्याही वेळी आम्ही दोघं हसलो. मग एकदम घाई सुरू झाली. नुसता ठसा दाखवून भागणार नव्हतं, आकडा दाखवायला हवा होता. मी डबी काढली. काट्यावर कागद ठेवून प्रबोधने तीन वेळा अगदी किंचित राख मोजली, तीन बाटल्यांत शुद्ध पाण्यात टाकली, आणि तीन बाटल्यांत नुसतंच पाणी. मी आम्ल घातलं. मग सगळ्या बाटल्या आमच्या मोठ्या कुकरसारख्या यंत्रात उकळायला ठेवल्या. त्याच्या दाबाचा काटा कधी उतरतो याची मी आयुष्यात इतकी वाट पाहिली नव्हती. गार होईपर्यंत बारा वाजले. मग रंगाचं द्रावण घालायचं. फॉस्फरस असेल तर पाणी निळं होतं, जितका जास्त तितकं गडद.

दोघं घड्याळाकडे न बघता बाटल्यांकडे बघत होतो. दोन मिनिटं झाली. काही नाही. मग पहिल्या बाटलीत कडेने निळी झाक आली, पसरली, आणि बघता बघता तिन्ही बाटल्या पेनच्या शाईसारख्या झाल्या. शेजारच्या तिन्हींत नुसतं पाणीच. प्रबोधने मूठ टेबलावर आपटली आणि लगेच बाटल्या सांडतील म्हणून तीच मूठ दुसऱ्या हाताने धरली. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता. आईची राख निळी झाली होती, आणि त्या निळ्याच्या पलीकडे मंगळवारचं ते पाणी खरंच स्वच्छ होतं.

मी डॉ. टेओंच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं की हे मीटिंगमध्ये मी सांगणार की त्यांनी सांगायचं. मी म्हटलं, मी सांगते.

खात्याकडून दोघं आले होते. त्यांतले मोठे, मिस्टर सेल्वम, साठीच्या जवळचे, कपाळावर भस्माची फिकट रेघ. मी इंग्रजीत बोलताना आधीच अडखळते, त्यात अंगारा याला काय म्हणायचं ते सुचेना. होली अ‍ॅश म्हटलं. त्यांचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. मी झाकणाचा ठसा दाखवला, निळ्या बाटल्या दाखवल्या, कुठल्या पेटीला लावला आणि कुठल्या नाही ते सांगितलं. ते म्हणाले, घरी तेही मुलाच्या पुस्तकांना लावायचे. मला वाटलं, आता सोडून देतील.

मग त्यांनी वही उघडली.

पेटीला कितीदा अंगारा लावला, याआधी कधी लावला होता का, हातमोजे आधी की नंतर, सगळं विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. याआधी कधीच नाही, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले की मंगळवारचे चार आकडे रद्द धरता येतील, कारण सापडलं आहे. सोमवारी त्यांच्या माणसासमोर नव्याने नमुने घ्यायचे. निर्णय त्यावर. मात्र कारणाचा पुरावा फाइलला लागतो. तपासणीसाठी वापरली तीच राख, उरली असेल तेवढी सगळी, सीलबंद करून त्यांच्याकडे द्यावी लागेल.

प्रबोध पटकन म्हणाला की थोडी ठेवली तर चालेल का, ती ताईंच्या आईच्या हातची आहे.  सेल्वम यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. पण थोडी ठेवली तर पुढे कुणीही विचारू शकेल की ठेवलेल्यात आणि दिलेल्यात फरक नव्हता कशावरून. पाच वर्षं मी असंच तर बोलत आले होते, बाटल्यांबद्दल.

"देते," मी म्हटलं.

प्रबोधने काट्यावरच्या ब्रशने डबीच्या कडा झाडल्या. शेवटचे कणही पिशवीत पडले. पिशवीवर मी तारीख घातली, सही केली. डबी आतून चकचकीत दिसत होती. ती अशी मी कधी पाहिलीच नव्हती.

मला काढलं नाही. डॉ. टेओ म्हणाल्या की बाटल्या मीच धुवायच्या, तसं दुसरं कुणी धूत नाही. पण होडीवर आता मी जाणार नाही, आणि पेट्यांना हात लावणार नाही. हा नियम आहे, शिक्षा नाही, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात भिंतीवरच्या नियमांच्या यादीत एक ओळ वाढली, की राख, कुंकू, भस्म, उदबत्ती यांना हात लागला असेल तर नमुन्याजवळ येऊ नये. खाली माझं नाव नव्हतं. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मीच चिकटवला, जरा वाकडा लागला म्हणून काढून पुन्हा सरळ लावला.

सोमवारी नमुने घ्यायला ते तिघं गेले, प्रबोध, खात्याचा माणूस आणि नवीन लागलेली अनुया. मी फाटकापर्यंत गेले आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिले. बुधवारी दुपारी मी हौदाशी बाटल्या विसळत होते तेव्हा प्रबोध दारात आला. हातात कागद होता, पण त्याला तो वाचताच येईना, इतका तो धापा टाकत होता. मी पाच वर्षांत हातमोजे घातलेल्या हातांनी बाटल्यांशिवाय कशालाही शिवले नव्हते, त्या दिवशी ओल्या हातमोज्यांनी तो कागद ओढून घेतला. बाहेर बहात्तर. आत चौदा, तेरा, चौदा, पंधरा. चार भावंडांसारखे जवळ जवळ बसलेले आकडे. डॉ. टेओ खोलीतून बाहेर आल्या, अनुया आली. कुणीतरी हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून उसाचा रस आणला. बुधवार होता, उपास नव्हता, मी दोन ग्लास प्यायले. घरी फोन केला तर चैत्राली म्हणाली, "सो नॉट बर्ड पू." मग हळूच विचारलं, "आई, आर यू ओके?"

दोन महिन्यांनी सगळ्या जलाशयात माती टाकायला सुरुवात झाली. योगायोगाने गुरुवारच होता. आम्हा सगळ्यांना काठावर बोलावलं होतं. मोठा तराफा पाण्यात उभा होता, त्याच्या दोन्ही बाजूंना नळ्या, आणि मातीच्या पोत्यांची थप्पी. हाफिझ आपल्या लहान होडीत होते. त्यांनी मला लांबूनच ओळखलं आणि ती पांढरी थाळी डोक्यावर धरून हलवली.

कुंपणाच्या आत जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी बाहेर, रेनट्रीच्या सावलीत उभी राहिले. चारुदत्तनेही सुट्टी काढली होती. तो फोन उंच धरून आताच व्हिडिओ काढत होता, अजून काही सुरू झालेलं नसताना. लोकांची गडबड चालली होती. 

प्रबोध आतून हेल्मेट घालून निघाला होता, तराफ्याकडे. मध्येच थांबला आणि उलट्या पावली कुंपणाकडे आला. हेल्मेट काढून काखेत धरलं.

"ताई, अंगारा लावता?"

डबीत काही नाही हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. शेवटचे कण त्यानेच ब्रशने झाडले होते.

डबी सवयीने पर्समध्ये असतेच. मी ती काढली, उघडली, आत बोट टेकवलं. चांदी गार लागली. कुंपणाच्या जाळीवरून तो वाकला, डोळे मिटून. मी त्याच्या कपाळाला बोट लावलं आणि डबी बंद केली.

तो गेला. थोड्या वेळाने तराफ्यावरच्या नळ्या सुरू झाल्या आणि हिरव्या पाण्यावर दुधासारखी पांढरी रेघ लांबत गेली.